एकमुखी होकार

आमच्या वाडीची शाळा बंद करायला आमच्या वाडीनेच होकार दिला. देवळात, देवासमोर, हात जोडून, मोठ्याने. मी त्या शाळेची बाई. मी तिथे हजर होते, आणि खोटं कशाला बोलू, त्या होकारात माझाही आवाज होता. त्याचा पुरावा साहेबांच्या मोबाईलमध्ये आहे. तो त्यांनी मला दोनदा दाखवला.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही सगळे खुळे. तसे आम्ही आहोत, पण एवढे नाही.

शाळा म्हणजे जांभ्याच्या दोन खोल्या, पुढे पडवी आणि मागे एक हातपंप. त्या हातपंपाला पाणी येतं ते फक्त पावसाळ्यात, म्हणजे जेव्हा चारी बाजूंनी पाणीच पाणी असतं तेव्हा. मुख्याध्यापिका मी, शिक्षिका मी, घंटा वाजवणारी मी, आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी लग्नाला गेल्या की आचारीही मीच. माझं माहेर गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुलीकडचं. नाक्यावर गाड्या थांबवून कागद मागणारी माणसं बघतच मी मोठी झाले. हातात कागद असलेल्या माणसाला भ्यायचं नाही, त्याला आधी चहा द्यायचा, हे मला पाटी-पेन्सिल मिळायच्या आधीपासून ठाऊक होतं. नोकरीत खरं कामाला आलं ते तेवढंच.

मुलं चार. काजूच्या बागेकडल्या घरातले दोघे भाऊ, आजीजवळ राहणारी पहिलीतली एक मुलगी, आणि चौथी ती.

ती म्हणजे डोंगराकडच्या आंब्याच्या बागेत राखण करणाऱ्या नेपाळी गुरख्याची मुलगी. बागेचा मालक मुंबईत असतो आणि आंबे लागले की त्याला गावाची आठवण येते. बाकी वर्षभर बाग म्हणजे हा गुरखा, त्याची बायको, ही, आणि हिचा दीड वर्षाचा भाऊ. बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, राहतात. ही वाडीत आली तेव्हा पाठुंगळीला होती. आता तिसरीत आहे. घरात नेपाळी, बापाच्या मोबाईलवर हिंदी, माझ्यासमोर पुस्तकी मराठी आणि उरलेल्या जगाशी खणखणीत मालवणी. एकदा मी वर्गात "कुठे ठेवलंस?" असं विचारलं, तर बाजूच्या पोराला म्हणाली, "बाई इचारतत, खंय ठेयलंस!" म्हणजे इन्सुलीच्या बाईचं मराठी वाडीतल्या पोराला मालवणीत करून सांगायला काठमांडूपलीकडचा दुभाषी.

तिला वाचायचं वेड होतं. वेड म्हणजे वेडच. शाळेच्या पेटीतली सगळी पुस्तकं दुसरीतच संपली. मग तिने बागेतल्या आंब्याच्या पेट्यांकडे मोर्चा वळवला. पेटीत आंब्याखाली घालायला जुने पेपर फाडून ठेवलेले असतात. ही ते वाचायची. पण फाडलेल्या पेपरात बातमी कधी पुरी नसते. रोज सकाळी दप्तरातून एक कपटा काढून माझ्यापुढे धरायची. "बाई, फुडे काय झाला?" पुढे काय झालं ते मला काय ठाऊक! कुठल्या तरी शहरात कुणाचा तरी बैल विहिरीत पडला होता, आणि बातमी 'अखेर अग्निशमन दलाच्या' इथेच फाटलेली. मी आपली ठोकून द्यायची, "काढला गो त्याला, काढला." ती संशयाने बघायची. माझ्यावर विश्वास न ठेवणारी ती एकटीच विद्यार्थिनी, बाकीचे तिघे माझं सगळं खरं मानायचे.

वाडीत मुलं चारच का, असं विचाराल तर वाडीत मुलं पंधरा आहेत. अकरा मुलं रोज सकाळी पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. टाय लावून. आमच्याकडच्या दमट हवेत, जिथे बापई माणूस कपाटातला सदरा लग्नालाच काढतो, तिथे सहा वर्षांचं पोर गळ्याला फास लावून घामाने निथळत असतं. त्या शाळेत डब्यात मासे न्यायला बंदी आहे. मालवणी पोराच्या डब्यात नुस्ता, म्हणजे मासळी, चालत नाही, अशी ती थोर शाळा. पोरं सोमवार ते शनिवार ब्रेडला जाम फासून नेतात आणि संध्याकाळी घरी येऊन बांगड्यावर तुटून पडतात. पण आईबाप खूश. मुलगा "मे आय गो" म्हणतो. कुठे जायचंय ते त्याला सांगता येत नाही, पण जाऊ का असं विचारता येतं.

मी हे असं फडाफडा बोलते खरी. पण त्या गाडीत माझीही मुलगी असते. मी राहते हमरस्त्यावरच्या गावात. गाडी आधी तिला घेते, मग वाडीत येते, आणि माझ्या शाळेसमोरून वळसा घालून तालुक्याला जाते. सुरुवातीला मी नवऱ्याला म्हटलं होतं, "आपली मुलगी माझ्याच शाळेत घालूया." तो म्हणाला, "एकच बाई चार इयत्ता शिकवते ती शाळा?" मी म्हटलं, "ती बाई मी आहे!" तो म्हणाला, "म्हणून तर म्हणतो." त्यावर मी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी टाय विकत आणला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तर, दिवाळीनंतर तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब आले. नवीन बदली, घाटावरचे. माणूस वाईट नव्हता. घाम पुसत, चपला काढून वर्गात आले, चहा घेतला, मुलांना नावं विचारली. मग मोबाईल काढला.

"बाई, पट तीन."

"चार, साहेब. हे बघा, चार बसलीत."

"पोर्टलवर तीन आहेत."

"ही चौथी हिच्या आधारकार्डामुळे तिथे दिसत नाही. अर्ज करून झाले दोनदा."

"मग दिसत नाही ना?"

"तुमच्या समोर बसलीय की!"

"समोर दिसून उपयोग काय बाई," साहेब खरोखर कळवळून म्हणाले, "वर दिसायला पाहिजे."

ती मान वर करून आढ्याकडे बघायला लागली. साहेब म्हणाले वर, म्हणून वर.

मग अंतराची गोष्ट निघाली. कायदा म्हणतो, लहान मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा पाहिजे. चांगला कायदा आहे, माझं त्याच्याशी काही भांडण नाही. भांडण मोजपट्टीशी. साहेबांनी मोबाईलवर नकाशा उघडला, वाडीवर एक बोट ठेवलं, पलीकडच्या गावच्या शाळेवर दुसरं, आणि म्हणाले, "नऊशे मीटर. बसतंय." मी म्हटलं, "साहेब, मधे व्हाळ आहे." व्हाळ म्हणजे ओढा, पण ओढा म्हटलं की डोळ्यापुढे येतं झुळझुळ पाणी. आमचा व्हाळ जूनपासून ऑक्टोबरपर्यंत म्हशी वाहून नेतो. त्यावर पूर्वी साकव होता, पोफळीचे सोट टाकून केलेला. तो वाहून गेला त्याला आता इतके पावसाळे झाले की नवीन पुलाच्या भूमिपूजनाचा दगडसुद्धा शेवाळाने हिरवा झालाय. फिरून रस्त्याने गेलं तर चार किलोमीटर आणि दोन चढ.

"नकाशात सरळ रेषेत धरतात," साहेब म्हणाले.

ती मागून म्हणाली, "सायबानू, सरळ रेषेत कावळो जाता."

दोघे भाऊ खी खी करून हसले. साहेबही हसले, तेवढं त्यांचं मानलं मी. पण लिहिलं नऊशेच.

त्या संध्याकाळी मी बागेत गेले आणि तिच्या बापाला सगळं समजावलं. तो फार कमी बोलणारा माणूस. काठीने जमिनीवर काहीबाही कोरत ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "मॅडम, उधर कौन छोड़ेगा? हम बाग में, उसकी माँ काजू के कारखाने में. इधर बंद, तो घर में रहेगी. छोटा भाई को देखेगी." त्यात राग नव्हता, रड नव्हती. भाताला पाणी नसलं तर पीक नाही, इतकं साधं होतं ते त्याच्यासाठी. ती मांगराच्या उंबऱ्यावर भावाला मांडीवर घेऊन बसली होती, हातात पेपरचा कपटा. तिला सगळं ऐकू गेलं होतं. तिने तो कपटा मला दाखवला नाही. मला घरी येईपर्यंत रडू आवरलं नाही, आणि घरी मुलीचा टाय दोरीवर वाळत होता.

माघात सभा ठरली. शाळा दुसऱ्या शाळेत 'समायोजित' करायची, त्यासाठी ग्रामस्थांचं मत घ्यायचं. बंद करायची असं कोणी म्हणत नाही हं. दात काढतात, झाड तोडतात, पण शाळा समायोजित करतात. शाळेत माणसं मावणार नाहीत म्हणून सभा देवळात ठेवली. तिथेच घोळ झाला.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. कोणाचं लग्न असो, कोणी मुंबईला निघो, नाटकाचा पडदा वर जायचा असो, नवीन मोटरसायकल असो, आधी मानकरी उभा राहतो, देवाला सगळी हकिकत सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" म्हणजे होय, देवा. हे आम्हाला बोलायला यायच्या आधी येतं. डोळे मिटलेले, हात जोडलेले, पुढचा काय म्हणतो इकडे अर्धं लक्ष, वाक्य संपल्यासारखं वाटलं की तोंडातून आपोआप निघतं. झोपेत कूस बदलावी तसं.

साहेबांना हे काय ठाऊक! ते आपले ठरावाचा कागद घेऊन सज्ज. आल्या आल्या सगळ्यांच्या हजेरीपत्रकावर सह्या घेतल्या, कारण नंतर भजी सुटली की कोणी सापडत नाही, एवढं त्यांना बदलीच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं. एका पोराच्या हातात मोबाईल देऊन सभेचं चित्रण सुरू केलं. वर पाठवायचं होतं.

आमचे मानकरी म्हणजे ऐंशीचे म्हातारे, आवाज अजून खणखणीत, फक्त दम लागतो. ते उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, बारा वाटेच्या धन्या!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"तालुक्यासून सायब इलेत. तेंच्या मनात काय आसा ता तुका ठावक."

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात गेलं.

"तर ह्या शाळेचा काय ता बऱ्यातला कर..." आणि म्हाताऱ्यांना ढास लागली. ते खांबाला धरून खोकायला लागले. आमचे डोळे मिटलेलेच. गाऱ्हाणं मधे थांबलं म्हणजे संपलं असं नसतं, त्यात दम घेणं धरलेलंच असतं.

साहेबांना वाटलं, झालं प्रास्ताविक. ते उठले, घसा साफ केला आणि त्याच पट्टीत, त्याच ठेक्यात वाचलं, "तरी सदर शाळा कमी पटसंख्येच्या कारणास्तव नजीकच्या शाळेत समायोजित करण्यात यावी!"

"व्हय म्हाराजा!" साठ माणसं एका दमात म्हणाली.

मीसुद्धा. 'यावी' ऐकलं आणि तोंडातून गेलं. म्हाताऱ्यांचा खोकला तेवढा चालूच होता. मी डोळे उघडले तर साहेब भारावून उभे. त्यांना बिचाऱ्यांना नोकरीत आजवर कोणी महाराज म्हटलं नव्हतं.

"साहेब, ते देवाला म्हणाले!" मी ओरडले.

"बाई, इतका एकमताचा ठराव मी पाहिला नाही," ते म्हणाले. कारकुनाने तोवर लिहून टाकलं होतं: उपस्थितांनी एकमुखाने होकार दिला.

मी कागदावर हात मारला. नियमात नाही, फसवणूक आहे, जे तोंडाला आलं ते बोलले. साहेबांनी शांतपणे पोराकडून मोबाईल घेतला आणि मला दोनदा दाखवलं. त्यात मी पुढेच उभी. डोळे मिटलेले, पदर डोक्यावरून घेतलेला, आणि तोंड 'हा'च्या आकारात उघडं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझं तर तोंड दाखवून झालं.

आता तुम्हाला वाटेल वाडी पेटून उठली. कसली पेटते! भजी खाल्ली, साहेबांना सोलकढी पाजली आणि आपापल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी पिवळी गाडी आली, अकरा टाय चढले, गाडी गेली. मी घराघरात फिरले. "बाई, आमचो झील थयसर नाय, आमका काय त्येचा?" म्हणजे मुलगा तिथे शिकत नाही, मग आपल्याला काय, असं एकीने तोंडावर सांगितलं. दुसरा म्हणाला, चार पोरांसाठी सरकारने तरी किती सोसायचं? हा गृहस्थ ग्रामपंचायतीत गेली काही वर्षं वाडीत व्यायामशाळा मागतोय, तीत जाणार एकटा तोच. एक जण तर म्हणाला, "आणि चेडू गुरख्याचा. ता काय आमच्या गावचा?" चेडू म्हणजे पोरगी. त्याचा स्वतःचा मुलगा दुबईत आहे आणि तिथे नातवाला चांगली शाळा मिळत नाही म्हणून याला रात्र रात्र झोप लागत नाही. मला इतका संताप आला की मी त्याच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, चहाची कपबशी तशीच टाकून उठले. कोकणात चहा टाकून उठणं म्हणजे काय, ते कोकणातल्याच माणसाला कळेल.

शेवटी मी मानकऱ्यांकडे गेले. शाळेबद्दल बोलायचं मी आता सोडूनच दिलं होतं. नुसतं ठरावाची प्रत त्यांच्यापुढे धरली आणि मोठ्याने वाचून दाखवली. 'उपस्थितांनी एकमुखाने होकार दिला.'

"कोणाक दिलो?" म्हातारे म्हणाले.

"साहेबांना."

"आमी सायबाक दिलो नाय. देवाक दिलो."

"यात साहेबांना दिला असं लिहिलंय. आपण म्हटलेलं व्हय म्हाराजा साहेबांच्या फायलीत गेलं."

म्हातारे हळूहळू उठून उभे राहिले. चेहरा लाल झाला. "देवाक दिलेलो व्हय," ते म्हणाले, "सायबान फायलीत घातल्यान? आवशीचो घो!"

आणि वाडी पेटली. मुलीच्या शिक्षणासाठी जी माणसं पायरी उतरली नव्हती, ती देवाचा होकार सोडवून आणायला दोन टेम्पो भरून तालुक्याला गेली. बायका लुगडी सावरत पुढे. मला दुबईवाल्याने स्वतः हात देऊन टेम्पोत चढवलं, चहाचा विषय नाही काढला. मुलांचा हक्क, सक्तीचं शिक्षण, फळकुटावर चितारलेली घोषवाक्यं, सगळं मी वीस वर्षं करून थकले होते, आणि खरी कळ होती इथे. मूल घरी बसलं तर चालेल, पण देवाला खोटं पाडता कामा नये. हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं, टेम्पोत ओळखू येत नाही.

साहेबांनी पन्नास माणसं दारात बघितली आणि ठराव जागच्या जागी स्थगित केला. पुन्हा सभा ठेवली, यावेळी शाळेच्या पडवीत, मावतील तेवढी आत आणि बाकीची पुढे अंगणात. सूचनेत खाली हाताने लिहिलेली एक ओळ होती: सभेत धार्मिक विधी करू नयेत.

पण आमची माणसं एकदा पोळली की ताक फुंकून पितात. सभेच्या आदल्या दिवशी घरोघर निरोप फिरला होता: सायब काय व इचारो, वगी रवा. अजिबात तोंड उघडू नका. पुन्हा चुकून कशाला तरी 'व्हय' जायचं.

साहेब उभे राहिले. "शाळा चालू राहावी असं किती जणांना वाटतं?"

सगळे गप्प.

"बरं. बंद व्हावी असं किती जणांना वाटतं?"

सगळे गप्प. एक म्हातारी जपमाळ ओढत होती, ती पण थांबली.

"अहो, काहीतरी बोला!"

मी मागून खुणा करतेय, बोला, हो म्हणा, आता म्हणायचंय! छे. समोरच्या बायकांनी ओठ असे मिटलेले की जणू मी तोंडात काठी घालणार आहे. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "हे बघा, मी तुमच्या बाजूने लिहितो. ज्या मुलीचं नाव पोर्टलवर नाही, तिच्या कागदांचंही मी स्वतः बघतो. पण मला दहा मुलं पाहिजेत. तुमच्याच वाडीत अकरा आहेत, दुसरीकडे जाणारी. जूनअखेर पट दहा झाला तर शाळा राहील. नाही झाला तर मला लिहायला काही राहणार नाही."

हे बोलणं सरळ होतं. कोणीतरी इतकं सरळ बोलल्यावर आमच्या मानकऱ्यांना राहवेना. ते उठले, देवळाच्या दिशेने तोंड केलं, हात जोडले. साहेब "अहो आजोबा, नको" म्हणेपर्यंत सुरूही झालं.

"बा देवा म्हाराजा!"

सवय ती सवय. "व्हय म्हाराजा!" पडवी दणाणली.

"आमच्या हातसून चूक झाली, ती पदरात घे."

"व्हय म्हाराजा!"

"ही शाळा माझ्या बापाशीन चिरे वाहून बांधल्यान. ह्या शाळेत मी शिकलंय, हे सगळे शिकले."

"व्हय म्हाराजा!"

म्हातारे थांबले. यावेळी खोकला नव्हता. त्यांनी मागे वळून एकेकाकडे बघितलं, आणि मग पुन्हा देवळाकडे. "तर जी पोरां पिवळ्या गाडयेत बसान जातत, ती सगळी येत्या जूनाक ह्या शाळेत येवंदेत रे म्हाराजा!"

"व्हय..."

आणि तिथेच अडकलं. साठ तोंडं उघडी. 'व्हय' निघून गेला होता आणि 'म्हाराजा' गिळायची धडपड चालली होती. कोणी खोकलं, कोणी चप्पल शोधायला लागलं, व्यायामशाळावाला पंख्याकडे बघायला लागला. पंखा बंद होता, तरी बघत होता.

"म्हाराजा!" एकच आवाज आला, बारीक, स्वच्छ. खांबाजवळ भावाला कडेवर घेऊन ती उभी होती. डोळे घट्ट मिटलेले. वाक्य अर्धं राहिलेलं तिला कधीच चालत नसे.

माझ्याबद्दल विचाराल तर माझंही तोंड 'व्हय'वरच थांबलं होतं. साहेबांच्या मोबाईलमध्ये तेही असेल. मी तो मागितला नाही. कारकुनाने पेन चावत थोडा वेळ विचार केला आणि लिहिलं: उपस्थितांनी अर्धवट होकार दिला. सरकारी कागदावर मी वाचलेलं ते सगळ्यात खरं वाक्य.

मे महिनाभर मी घरी विषय काढेन म्हणत होते. नवऱ्याला काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. आमरस झाला, पाहुणे झाले, फणस झाले. विषय काही निघाला नाही. मुलीची नवीन पुस्तकं आली, मीच त्यांना कव्हरं घातली.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी पोचले तर ती माझ्याआधी हजर. पडवी झाडलेली. दोघे भाऊ आणि पहिलीतून दुसरीत गेलेली ती धाकटी कोपऱ्यात दप्तरं घेऊन उभी, कारण हिने त्यांना बसू दिलं नव्हतं. वर्गात तिने बस्करं मांडली होती, दोन ओळींत, एकाला एक समान. मोजली नाहीत तरी मला कळलं. दहा.

"बाई, सायबान सांगल्यान मां, धा व्हयी म्हणान. देवाक पण सांगला आमी."

साडेनऊला मानकरी आले, नातवाचा हात धरून. पोराच्या गळ्यात जुन्या शाळेचा टाय तसाच होता. म्हातारे म्हणाले, "गाऱ्हाणा मी घातलंय, मगे माझोच नातू गाडयेत कसो?" बस. ते पाचवं पोर. पाच जण बसले आणि पाच बस्करं उरली. ती दारात जाऊन उभी राहिली, आणखी कोणी येतंय का बघायला. मीही तिच्या मागे उभी राहिले, काहीतरी करायचं म्हणून.

पिवळी गाडी आली. वाडीतली दहा पोरं एकेक करून चढली. दुबईवाल्याच्या इथे असणाऱ्या धाकट्या सुनेने मला हात केला, म्हणाली, "बाई, फुडल्या वर्साक बघूया." गाडी शाळेसमोरून वळली. खिडकीतून एक हात बाहेर आला आणि जोरजोरात हलला. "आई! आई!"

मी हात हलवला. तो आपोआप हलला.

ती गाडीकडे बघत होती. गाडी चढ चढून दिसेनाशी होईपर्यंत बघितली. मग माझ्याकडे वळली.

"बाई, ता तुमचा चेडू मां?"

"हो."

"ता खंय जाता?"

"शाळेत," मी म्हटलं.

तिने वर्गाकडे बघितलं, फळ्याकडे, रिकाम्या बस्करांकडे. मग पुन्हा माझ्याकडे. पेपरचा कपटा पुढे धरताना बघायची तसंच.

"मगे हयसर काय आसा?"